धर्म आणि इतिहास : लेखांक पाचवा
वीस भिक्षूंच्या चीवरांचा हिशेब

नाशिक शहराच्या दक्षिणेला, मुंबई-आग्रा महामार्गालगत त्रिरश्मी डोंगर आहे. पायऱ्या चढून गेले की डोंगराच्या कुशीत ओळीने चोवीस लेणी लागतात. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा आणि त्यांचा काही संबंध नाही, ती बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली आहेत. दहाव्या लेण्याच्या ओसरीत ब्राह्मी लिपीतले लेख आहेत. येणारे बहुतेक जण खांबांवरचे प्राणी पाहतात, आतल्या गारव्यात घटकाभर टेकतात आणि पुढच्या लेण्याकडे वळतात. या भिंतीवर एका कायम ठेवीची पावती कोरलेली आहे, हे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

ठेव ठेवणाऱ्याचे नाव उषवदात. तो दिनीकाचा मुलगा आणि क्षहरात क्षत्रप राजा नहपानाचा जावई. काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. लेखात वर्ष ४२, महिना वैशाख अशी नोंद आहे. उषवदाताने हे लेणे चारी दिशांच्या संघाला दिले आणि सोबत तीन हजार कार्षापण नाण्यांची अक्षयनीवी, म्हणजे मुद्दल कधीही मोडायचे नाही अशी ठेव, नेमून दिली. पैसे गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ठेवले. एका श्रेणीकडे दोन हजार, शेकडा एक दराने. दुसरीकडे एक हजार, शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. दोन हजारांच्या व्याजातून या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरांसाठी, म्हणजे भिक्षूंच्या वस्त्रांसाठी, मिळावेत, उरलेल्या हजाराचे व्याज किरकोळ खर्चाला लागावे. हा सगळा व्यवहार नगरसभेत वाचून दाखवला गेला आणि रीतीप्रमाणे दप्तरी नोंदवला गेला, असेही लेखात आहे.

व्याज महिन्याचे की वर्षाचे, ते लेखात सांगितलेले नाही. ते आकडेमोडीतून निघते. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे वीस. हे व्याज वर्षाचे धरले तर वीस भिक्षूंच्या वाट्याला एकेकच कार्षापण येतो आणि लेखातल्या बाराशी मेळ बसत नाही. महिन्याचे धरले तर वर्षाला दोनशे चाळीस होतात, आणि वीस जणांत वाटले की प्रत्येकी बरोबर बारा. म्हणजे दरमहा दर शेकडा एक. खेड्यापाड्यांतला सावकारी हिशेब आपल्याकडे अगदी परवापरवापर्यंत याच भाषेत चालत असे.

पण मोजणी वर्षावास करणाऱ्या भिक्षूंचीच का, पैसा कपड्यांसाठीच का, आणि उषवदाताने ही रक्कम सरळ विहाराच्या हवाली का केली नाही? या प्रश्नांची उत्तरे शिलालेखात नाहीत. ती विनयपिटकात, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या आचारनियमांच्या ग्रंथात आहेत. पावसाळ्याचे तीन महिने भिक्षूने भटकायचे नाही, एका जागी वर्षावास करायचा. वर्षावास संपला की उपासकांनी संघाला नव्या चीवरांसाठी वस्त्र द्यायचे. दाता मोजतो आहे ती डोकी आपल्या लेण्यात पावसाळा काढणाऱ्यांची आहेत, आणि कापड हा त्या नियमानेच ठरलेला खर्च आहे. शिवाय भिक्षूने सोने-रुपे हाती घ्यायचे नाही असाही नियम आहे.

हा नियम काही सुखासुखी पाळला गेला नाही. बुद्धाच्या महापरिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी वैशालीचे भिक्षू उपोसथाच्या, म्हणजे व्रताच्या, दिवशी काशाच्या भांड्यात पाणी भरून ते संघाच्या मध्यभागी ठेवत आणि उपासकांना त्यात नाणी टाकायला सांगत, असे विनयपिटक सांगते. यश नावाच्या भिक्षूने त्याला उघड विरोध केला. वाद इतका पेटला की सातशे भिक्षूंची संगीती, म्हणजे धर्मसभा, भरली, आणि वादातल्या दहा मुद्द्यांपैकी सोन्या-रुप्याचा मुद्दा हा एक होता.

वैशालीचा तंटा ठाऊक असलेल्या माणसाला नाशिकची भिंत वेगळी दिसते. संघाला पैसा हवा आहे, पण भिक्षूच्या हाताला तो लागता कामा नये. मग मुद्दल विणकरांकडे राहते, हिशेब नगरसभेच्या दप्तरात राहतो आणि भिक्षूंपर्यंत वर्षाकाठी चीवरांची सोय पोहोचते. एका धार्मिक अडचणीतून कारागिरांच्या श्रेणीला कायमचे भांडवल मिळाले आहे. दोन हजार वर्षांपूर्वी गोदाकाठच्या विणकरांची पत एवढी होती की राजाचा जावई त्यांच्याकडे न मोडणारी ठेव ठेवत होता, ही आर्थिक इतिहासातली मोठी गोष्ट आहे. विनय न वाचता हा शिलालेख वाचला तर हाती लागते ते एका श्रीमंत माणसाचे दान. ते खरेच आहे, पण फार थोडे आहे.

महाराष्ट्राला ही दृष्टी देण्यात एका पिता-पुत्रांचा वाटा मोठा आहे. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी पालीच्या ओढीने सिलोनपर्यंत गेले, भिक्षू झाले आणि परत आल्यावर बौद्ध संघाचे नियम त्यांनी सोप्या मराठीत समजावून दिले. त्यांचे चिरंजीव दामोदर कोसंबी गणिती. ते सह्याद्रीचे घाट पायी हिंडले आणि कार्ले, जुन्नरसारखी लेणी जुन्या व्यापारी वाटांच्या नकाशावर ठेवून त्यांनी पाहिली. वडिलांनी ग्रंथ उलगडले होते, मुलाने वाटा उलगडल्या. दोन्ही एकत्र ठेवल्याशिवाय लेणी कळत नाहीत.

उषवदाताची कथा इथे संपत नाही. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी इथे नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला आहे. जेत्याने हरलेल्याच्या चलनावर आपले नाव उमटवले. त्रिरश्मीवरच्या तिसऱ्या लेण्यातले त्याचे लेख या युद्धाची दुसरी बाजू दाखवतात. राज्याच्या अठराव्या वर्षी तो डोंगरावरच्या तपस्व्यांना कखडी गावातले दोनशे निवर्तने शेत देतो. हे शेत आतापर्यंत उषवदाताकडे होते, असे लेखात स्पष्ट म्हटले आहे. सहा वर्षांनी, चोविसाव्या वर्षी, दुसरी आज्ञा निघते: आधी दिलेले शेत कसले जात नाही, गावात वस्ती उरलेली नाही, म्हणून नगराच्या सीमेवरच्या सरकारी जमिनीतून शंभर निवर्तने बदली द्यावीत.

गाव का उठले, ते राजा सांगत नाही. पण सत्ता बदलल्यावर काही वर्षांतच एक गाव ओस पडले, याची सरकारी कबुली आपल्यापर्यंत आली ती केवळ भिक्षूंच्या पोटाचा प्रश्न उभा राहिला म्हणून. विजयाच्या प्रशस्तीत अशी ओळ कधीच आली नसती.

प्रशस्तीही याच लेण्यात आहे. गौतमीपुत्राच्या आईने, गौतमी बलश्रीने, नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी ती कोरवली. तिचा मुलगा अद्वितीय ब्राह्मण, क्षत्रियांचा गर्व उतरवणारा, क्षहरातांचा वंश उखडणारा, चार वर्णांचा संकर थांबवणारा. राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्याशी त्याची तुलना आहे. आणि ज्या लेण्याच्या भिंतीवर हे सगळे लिहिले आहे, ते लेणे बलश्रीने भद्रायणीय या बौद्ध पंथाच्या भिक्षूंना दान दिले आहे. पराभूत बाजूलाही तेच चित्र. बौद्ध संघाची ठेव ठेवणारा उषवदात आपल्या दुसऱ्या लेखात सांगतो की त्याने तीन लाख गाई दिल्या, देवांना आणि ब्राह्मणांना सोळा गावे दिली, दमण, तापी, डहाणू अशा नद्यांवर फुकट नावा चालवल्या. कोणता राजा कोणत्या धर्माचा, असे रकाने पाडून शाळेत प्राचीन इतिहास शिकवला जातो. ते रकाने या दोन लेण्यांतच कोलमडतात. वर्णसंकर थांबवल्याचा अभिमान बाळगणाऱ्या याच सातवाहन घराण्यात पुढे शकांची, म्हणजे नहपानासारख्याच क्षत्रपांची, मुलगी सून म्हणून आली. ही माहिती कुठून मिळते? बोरिवलीजवळच्या कान्हेरीत एका अमात्याने भिक्षूंसाठी पाण्याचे टाके दिले, त्या टाक्यावरच्या लेखातून.

कान्हेरीच्या नव्वदाव्या लेण्यात वेगळ्याच लिपीतला मजकूर आहे. तो पहलवी आहे. अकराव्या शतकात इथे येऊन गेलेल्या पारशांनी आपली आणि आपल्या वडिलांची नावे कोरून ठेवली. त्यांनी वर्ष दिले आहे ३७८. पारशांची कालगणना इराणचा शेवटचा सासानी सम्राट यज्दगर्द तिसरा ६३२ मध्ये गादीवर आला तेव्हापासून चालते, हे माहीत असेल तरच तो आकडा इसवी सन १००९ होतो. दुसरी तुकडी १०२१ मध्ये आली. संजाणला पारशी उतरल्याची प्रसिद्ध कथा ज्या ग्रंथात आहे, तो ‘किस्से संजाण’ सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिला गेला. समाजाने जपलेली आठवण म्हणून त्याचे मोल आहेच. पण जवळपास सहाशे वर्षे आधीची, पारशांच्या स्वतःच्या हातची नोंद हवी असेल तर बौद्धांच्या लेण्यातच जावे लागते.

धर्माची एखादी साधी रूढी इतिहासाचा केवढा साठा वाचवू शकते, याचे सर्वांत मोठे उदाहरण कैरोत आहे. देवाचे नाव असलेला कागद फाडायचा किंवा फेकायचा नाही, अशी ज्यूंची रीत. जुन्या कैरोतल्या बेन एझरा प्रार्थनागृहात असे कागद एका खोलीत टाकले जात. पत्राच्या सुरुवातीला देवाचे नाव घालायची सवय असल्याने त्यांत व्यापाऱ्यांची पत्रे, पावत्या, करारही जमत गेले. १८९७ मध्ये सॉलोमन शेख्टर यांनी त्यांतला फार मोठा भाग केंब्रिजला नेला, आणि पुढे श्लोमो गॉइटाइन यांनी त्या कागदांवरून मध्ययुगीन भूमध्य समुद्राकाठचे अख्खे समाजजीवन उभे केले. याच ढिगात अब्राहम बेन यिजू हा ट्युनिशियातून आलेला ज्यू व्यापारी भेटतो. बाराव्या शतकात तो सतरा-एक वर्षे मलबार किनाऱ्यावर राहिला आणि मंगळूरला त्याने पितळी भांड्यांचा कारखाना चालवला. एडनचे व्यापारी त्याला तांबे आणि मोडकी भांडी पाठवत, नव्या भांड्यांची मागणी कळवत. पुढच्या आठवड्यात बेन यिजूची हीच पत्रे वाचू : मंगळूरहून काय जात होते, एडनहून काय येत होते, आणि माल बुडाला की नुकसान कोण सोसत होते.