पिल्लाच्या पोटात काय गेले, ते आधी बघा

दसरा झाला की शिरूर कासार तालुक्यातून ऊसतोडीच्या गाड्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मागे राहतात म्हातारी माणसे, शाळेची लेकरे, दोन-चार शेळ्या आणि राखणीला आणलेले कुत्र्याचे पिल्लू. मग वस्तीत गेलो की आम्हाला हमखास विचारले जाते, "ताई, पिल्लू दिसेल ते चघळतंय, आता हगवण लागलीय. कोणती गोळी द्यावी?"

आमचे शिक्षण माणसांच्या शुश्रूषेचे. जनावरांच्या डॉक्टरांची जागा आम्ही घेऊ शकत नाही. पण दवाखान्यात पोहोचेपर्यंत काय करायचे आणि काय मुळीच करायचे नाही, एवढे प्रत्येक घराला माहीत हवे.

चघळणे हा पिल्लाचा दोष नाही. चौथ्या महिन्याच्या आसपास दुधाचे दात पडून पक्के दात येऊ लागतात, हिरड्या शिवशिवतात. चप्पल, सुतळी, प्लॅस्टिकची पिशवी, आंब्याची कोय, दाणे काढलेले मक्याचे कणीस, शिजवलेले हाड असे सगळे तोंडात जाते. म्हणून गोळी शोधण्याआधी तीन गोष्टी बघा. पोटात काय गेले? पिल्लू खेळते की मरगळले आहे? उलटीतून आणि शीतून काय पडते?

पिल्लू खेळत असेल, शी नुसती पातळ असेल आणि रक्त नसेल, तर एक दिवस घरी सांभाळता येते. उलटी झाली असेल तर दोन-तीन तास खायला देऊ नका. मात्र दिवसभर उपाशी ठेवू नका. लहान पिल्लाच्या रक्तातली साखर लवकर उतरते. ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिल्याप्रमाणे कालवा आणि ते पाणी चमचा-दोन चमचे, थोड्या थोड्या वेळाने पिल्लापुढे ठेवा. घशात जबरदस्तीने ओतू नका, ते फुप्फुसात जाते. नंतर मऊ भात, सोबत मीठ-मसाल्याविना उकडलेली कोंबडी, हाडे काढून, दिवसातून चार वेळा थोडी थोडी. गाई-म्हशीचे दूध बंद ठेवा. पुष्कळ पिल्लांना ते पचत नाही आणि जुलाब वाढतात. कांदा-लसणाचा रस्साही नको.

पुढचे काहीही दिसले तर वाट पाहू नका: वारंवार उलट्या, पाणीही न टिकणे, रक्ताची दुर्गंधी असलेली हगवण, फुगलेले पोट, कोरड्या हिरड्या, उठता न येणे. लस न टोचलेल्या पिल्लाला रक्ताची हगवण लागली तर तो पार्व्हो असू शकतो आणि त्यात दोन-तीन दिवसांत पिल्लू जाते. कपाशीचे कीटकनाशक, युरिया किंवा उंदराचे औषध पोटात गेल्याचा संशय असेल तर बाटली किंवा पुडी सोबत घेऊन लगेच निघा. मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका. शीच्या जागेतून दोरा लोंबत असेल तर ओढू नका, आतडे चिरते. घरातल्या तापाच्या, अंगदुखीच्या, जुलाब थांबवायच्या गोळ्याही देऊ नका. गाव लांब असेल तर पशुसंवर्धन खात्याच्या फिरत्या पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. पिल्लू एकाएकी लाकूड, माती, दगड चावू लागले, लाळ गळते, आवाज घोगरा झाला, गिळता येत नाही, विनाकारण अंगावर येते किंवा अंधारात दडते, तर घशात हाड अडकले असे समजून तोंडात हात घालू नका. तो रेबीज असू शकतो. लेकरांना लांब ठेवा आणि पशुवैद्यकांना कळवा. पिल्लू चावले, ओरखडले किंवा त्याची लाळ जखमेला लागली, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. मिरची, चुना, हळद लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. लस तिथे मोफत मिळते. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही, ही गोष्ट म्हाताऱ्या माणसांनाही समजावून सांगा.

प्रतिबंध स्वस्त आहे. पिल्लाला जंताचे औषध दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी तीन महिन्यांपर्यंत, पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा द्यायचे असते. मात्रा वजनावर ठरते, म्हणून डॉक्टरांना विचारूनच. पार्व्होची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, रेबीजची तीन महिने झाल्यावर. पिल्लाची शी फावड्याने उचलून पुरा, कारण तिच्यातले जंत मातीतून लेकरांच्या पोटात जातात. जेवणाआधी हात साबणाने धुवायला लावा.

आणि एकदा अंगणात पिल्लाच्या उंचीइतके खाली बसून बघा. त्याच्या तोंडाला पोहोचते ते रांगत्या लेकराच्या हातालाही पोहोचते. फवारणीची बाटली, गोळ्यांची पाकिटे, सुतळीचे तुकडे उंच फळीवर ठेवा. चघळायला जाड दोरखंडाची गाठ द्या, आणि तिचे धागे सुटू लागले की फेकून द्या.