शाळेचं ताट (भाग 4) : खिचडी शिजते कोणाच्या भरवशावर?

मागच्या भागात तांदूळ गोदामातून शाळेपर्यंत कसा येतो ते पाहिलं. या वेळी तो शिजवणाऱ्या हातांकडे वळू.

हिंगोली जिल्ह्यात, वसमतकडे हळद काढणीचे दिवस आले की मजुरीला जाणारी बाई सकाळी लवकरच घर सोडते. तिच्या लेकरांना दिवसाचं पहिलं गरम जेवण बहुधा शाळेतच मिळतं. पहिली ते पाचवीच्या 60 मुलांची शाळा धरा. निकष मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजीचा. म्हणजे रोज सहा किलो तांदूळ, एक किलो दोनशे ग्रॅम डाळ, तीन किलो भाजी. निवडणं, शिजवणं, वाढणं आणि शेवटी करपलेलं पातेलं घासणं, हे सगळं दोन बायका करतात. राज्यात त्यांचं मानधन महिन्याला 2,500 रुपये. त्यात केंद्राचा वाटा 600 रुपयांचा, तो अनेक वर्षं वाढलेला नाही. एवढ्या कामाला एवढेच पैसे देणं हा सरळ अन्याय आहे, आणि तेही वेळेवर हातात पडतीलच असं नाही.

तांदूळ केंद्र मोफत देतं. शिजवण्याच्या खर्चात केंद्राचे 60 टक्के, राज्याचे 40. मे 2025 पासून प्राथमिकच्या मुलामागे रोज 6 रुपये 78 पैसे, म्हणजे आपल्या शाळेला 406 रुपये 80 पैसे. डाळ, तेल, मसाला, भाजी, इंधन सगळं यातच. अनुदान रखडलं की भाजीची उधारी वाढते आणि मुख्याध्यापक पदरमोड करतात. शाळेतल्या जेवणाची योजना टिकली आहे ती पुष्कळदा अशी.

खरं तर शाळेतल्या जेवणाच्या 2015 च्या नियमांनी शाळेतला इतर निधी तात्पुरता वापरून नंतर भरून घ्यायची मुभा दिली आहे. त्याच नियमांनुसार जेवण न मिळालेल्या दिवसाचा अन्न सुरक्षा भत्ता मुलांना पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत मिळायला हवा. सलग 3 दिवस किंवा महिन्यात 5 दिवस जेवण बंद राहिलं, तर राज्याने जबाबदारी निश्चित करायची. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने जेवण हा मुलांचा हक्क केला, त्याला हे बळ आहे. पण किती पालकांना हे कुणी सांगितलं?

निधी थांबला की काय होतं, याचं ताजं उदाहरण अंड्याचं आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्याने आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं. जानेवारी 2025 मध्ये त्याचा निधी थांबवला आणि लोकसहभागातून जमवा असं सांगितलं. ज्या गावात वर्गणी द्यायला कुणाच्या हातात पैसा नाही, तिथल्या मुलांनाच अंड्याची गरज जास्त, हे ठरवणाऱ्यांच्या ध्यानात यायला हवं होतं.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तुमचं मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत असेल तर पुढच्या बैठकीला जा. जेवण चाखून नोंद करतात ते चव रजिस्टर मागून बघा. गेल्या महिन्यात किती दिवस जेवण शिजलं नाही आणि स्वयंपाक करणाऱ्या ताईंचं कुठल्या महिन्याचं मानधन थकलंय, हे विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.