पंचवीस मिनिटांचा संसार

मैत्रिणींनो, पडद्यावर अंतराळयान दिसलं की आपण उठून कुकर लावायला जातो, खरं ना? मीही जात असे. पण ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या अमेरिकन मालिकेतला एक भाग मी परवा तिसऱ्यांदा पाहिला आणि तिसऱ्यांदा पदर डोळ्यांना लावला. ‘द इनर लाइट’ हे त्याचं नाव. १ जून १९९२ रोजी तो प्रथम दाखवला गेला, पुढच्या वर्षी त्याला विज्ञानकथांसाठी मानाचं समजलं जाणारं ह्यूगो पारितोषिकही मिळालं. पण पारितोषिकाचं राहू द्या, मला सांगायचंय ते त्यातल्या संसाराबद्दल.

यानाचा कप्तान पिकार्ड हा एकटा जीव. पॅट्रिक स्टुअर्टने तो केलाय. बायको नाही, मुलं नाहीत. एका अनोळखी यंत्राचा किरण लागून तो कोसळतो आणि डोळे उघडतो ते एका खेड्यातल्या घरात. समोर एक बाई. ती म्हणते, तुम्ही माझे यजमान कामिन, तापात होतात.

आता या एलीनचं पाहा हं! नवरा सांगतोय की माझं घर दूर ताऱ्यांपलीकडे आहे. पाच वर्षं झाली तरी याचं मन तिकडेच. तिने बोलून दाखवलं नाही असं नाही, पण जेवण वाढायची ती वाढत राहिली. मग एके दिवशी तो तिला विचारतो, घराला एक खोली जोडू का? बाळासाठी! मला तर वाटलं, टाळ्या वाजवाव्यात. मुलगी होते, मुलगा होतो. मुलाचं नाव ठेवतात (आपलं बारसंच म्हणा) तेव्हा तो स्वतः शिकलेली बासरी वाजवतो. त्याचे बूट मात्र जन्मभर वाटेत. एलीन म्हातारी होऊन अंथरुणाला खिळते, तेव्हा शेवटी नवऱ्याला काय सांगते? बूट जागेवर ठेवत जा. बाई गं! यापुढे कुठले संवाद?

शेवटी कळतं, ती माणसं हजार वर्षांपूर्वीच गेली. त्यांचा सूर्य फुटणार होता, पळून जायला यानं नव्हती. एक लहानसं यंत्र तेवढं त्यांना धाडता आलं. कप्तान जागा होतो तेव्हा यानावर जेमतेम पंचवीस मिनिटं झालेली असतात.

नारद पाणी आणायला जातो आणि संसारात पडतो, ती कीर्तनातली गोष्ट आठवली ना? पण तिथे देव सांगतो, ही सगळी माया. इथे तसं नाही. आपली आठवण राहावी म्हणून या लोकांनी राजांच्या याद्या धाडल्या नाहीत, एक घर धाडलं. बायकोची बोलणी, बारसं, नातवंडं, सगळ्यासकट.

माझी तक्रार एकच. यंत्रात सापडलेली बासरी छातीशी धरून तो एकटाच वाजवतो, आणि पुढच्या भागात गणवेश चढवून पुन्हा कामावर! बायको गेली, मित्र गेला, लेकरं गेली. कुणी चौकशी करत नाही. १९९३ सालच्या ‘लेसन्स’ या भागात तो एका सहकारी बाईला त्या बासरीची हकीकत सांगतो. ती शांतपणे ऐकून घेते, एवढंच त्यातल्या त्यात बरं.