लहान ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक तेल : निवड व बदल

देवगड तालुक्यातील आंब्याच्या बागांतून गेल्या काही वर्षांत लहान ट्रॅक्टर चांगलाच रुळला आहे. कलमांच्या दोन ओळींमधून सहज वळणारे, पंधरा ते अठ्ठावीस अश्वशक्तीचे हे यंत्र फवारणीचा पंप चालविते, रोटाव्हेटरने तण मोडते, खत वाहते आणि हंगामात आंब्याचे क्रेट कातळावरून रस्त्यापर्यंत आणून पोहोचविते. इंजिनाच्या तेलाविषयी बहुतेक मालक जागरूक असतात. ते काळे पडलेले डोळ्यांस दिसते, म्हणून वेळेवर बदललेही जाते. परंतु मागील पेटीतील तेल, ज्यावर उचल चालते, ते कारखान्यातून आले तेच वर्षानुवर्षे आत राहिलेले मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. कारण विचारल्यास उत्तर ठरलेले : “तास अजून भरले नाहीत.”

ते उत्तर हिशेबास बरोबर आहे, पण आपल्या किनाऱ्यास लागू नाही. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पहिला फिल्टर साधारणतः ५० तासांनी व तेल त्यापुढे कंपनीपरत्वे काही शे ते १००० तासांनी बदलावे असे सांगितलेले असते. माझ्या स्वतःच्या ट्रॅक्टरचा तासमापक वर्षाकाठी दीडशेच्या पुढे जात नाही. या मानाने १००० तास भरण्यास सहा-सात वर्षे लागावयाची, आणि तितक्या अवधीत यंत्र सहा-सात पावसाळे पाहणार. घाटावर तेल कामाने झिजते. आपल्याकडे ते पाण्याने नासते. पुष्कळ पुस्तिकांत तासांच्या आकड्याशेजारीच “अथवा इतक्या महिन्यांनी, जे आधी घडेल ते” अशी ओळ छापलेली असते. ती ओळच आपल्यासाठी आहे, आणि नेमकी तीच वाचावयाची राहून जाते.

या तेलाचे काम काय, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. बंद भांड्यातील द्रवावर एका जागी दिलेला दाब त्या द्रवात सर्व दिशांस सारखाच पोहोचतो, हा नियम पास्काल या फ्रेंच पंडिताने सतराव्या शतकात मांडला. उचल त्यावरच चालते. इंजिनाच्या जोरावर फिरणारा लहानसा पंप पेटीतील तेल गाळणीतून ओढतो व दाबून नळकांड्यात सोडतो; तेथील दट्ट्या सरकला की मागील दोन्ही बाहू वर उठतात. आयर्लंडात जन्मलेल्या हॅरी फर्ग्युसन याने ही उचल व अवजार तीन टोकांवर जोडण्याची रीत एकत्र आणून १९३६ साली आपला ट्रॅक्टर विक्रीस काढला, आणि १९३९ साली ती फोर्डच्या ट्रॅक्टरवर आली. आज आपल्या बागेतील लहानात लहान ट्रॅक्टरही त्याच रीतीने चालतो. मोटारीच्या चाकातील हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरास दोन-सव्वादोन किलो असतो; उचलीच्या तेलाचा दाब कामाच्या वेळी दीडशे किलोच्या वर जातो. साडेसातशे किलोच्या सुमारास वजन उचलणारे हे बळ बोटभर जाडीच्या नळीतून वाहत असते.

आता यातील गोम अशी की, बहुतेक लहान ट्रॅक्टरांत उचलीस वेगळी टाकी नसते. गिअरची दंतचक्रे, मागील आसाची चक्रे, तेलात बुडालेल्या ब्रेकच्या चकत्या आणि उचलीचा पंप ही सर्व एकाच पेटीतील एकाच तेलावर जगतात. दंतचक्रांस जाड व चिवट तेल हवे, पंपास पातळ व फेस न धरणारे हवे, आणि ब्रेकच्या चकत्यांस असे हवे की ज्यात त्या निसटणारही नाहीत व किंचाळणारही नाहीत. या तिन्ही गरजा भागविण्यासाठी जे तेल बनवितात त्यास बाजारात युनिव्हर्सल ट्रॅक्टर ट्रान्समिशन ऑइल किंवा थोडक्यात यूटीटीओ असे म्हणतात. डब्यावर नुसते “हायड्रॉलिक ऑइल” लिहिलेले तेल ते नव्हे. जेसीबी किंवा कारखान्यातील दाबयंत्र यांच्यासाठी जे ४६ किंवा ६८ क्रमांकाचे तेल मिळते, त्यातील तो आकडा म्हणजे ४० अंश उष्णतेस असणाऱ्या दाटपणाचे माप होय. त्या आकड्यावरून दाटपणा तेवढा कळतो; दंतचक्रे व ब्रेक यांचे काय होईल ते कळत नाही.

उलट बाजूने होणारी चूकही सांगतो. “गिअरचे तेल ते गिअरचे तेल” असे म्हणून कित्येकजण जीएल-५ प्रतीचे जाड तेल ओततात. ते मोटारीच्या मागील आसासाठी असते. त्यात गंधक व स्फुरद यांची जी तीव्र द्रव्ये मिसळलेली असतात, ती पितळ व कासे यांच्या बुशांस खाऊ शकतात. काही ट्रॅक्टरांच्या पुस्तिकेत ८० किंवा ९० क्रमांकाचे गिअर-तेल सांगितलेले असते हे खरे. पण ते बहुधा जीएल-४ प्रतीचे असते. तेव्हा कोणते तेल उत्तम, हा प्रश्न दुकानदारास विचारावयाचा नसून पुस्तिकेस विचारावयाचा आहे. पुस्तिका हरवली असल्यास मध्य प्रदेशातील बुधनी येथे १९५५ साली स्थापन झालेल्या केंद्र सरकारच्या संस्थेत ट्रॅक्टरांची परीक्षा होते. तिच्या अहवालांत त्या त्या ट्रॅक्टरास कोणते तेल व किती लागते हे दिलेले असते.

हे मी पुस्तकी ज्ञानावरून सांगत नाही. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यानंतर माझ्या ट्रॅक्टरचे तेल उणे दिसले. जवळच्या बाजारपेठेतील एका कारागिराने पाहून सांगितले, इंजिनाचे तेल घाला, चालते. स्वस्तही पडले. निवृत्तीवेतनावर जगणाऱ्या माणसास स्वस्त हा शब्द गोड लागतो. मी पाच लिटर ओतविले. पहिले काही महिने काही जाणवले नाही. मग ब्रेक दाबताच मागून गुरगुर ऐकू येऊ लागली, उचल मध्येच हिसका देऊ लागली. हंगामाची घाई, म्हणून दुर्लक्ष केले. एप्रिलात एके दिवशी क्रेटनी भरलेली ट्रॉली घेऊन कातळाच्या उतारावरून खाली येताना ब्रेक पूर्ण दाबला तरी गाडी थांबेना. चालविणारा मुलगा सावध होता. त्याने खालच्या गिअरातच ठेवून चाक गडग्याकडे वळविले. चिऱ्यांचा तो गडगा ढासळला, पण ट्रॅक्टर तेथे अडला. गडग्यापलीकडे पंधरा-वीस फूट खोल घळ होती. मुलास खरचटण्यापलीकडे इजा झाली नाही. पुढे पेटी उघडली तेव्हा चकत्यांवरचा थर जळून काळा झाला होता आणि तेलाचा रंग दुधाळ चहासारखा होता. पाणी आधीच आत होते. वर चुकीचे तेल पडले. इंजिनाच्या तेलातील मळ धरून ठेवणारी द्रव्ये पाण्यासही धरून ठेवतात, त्यामुळे ते तळाशी बसून निथळण्याऐवजी सर्व तेलात घुसळून राहिले. तेव्हा मी कारागिरास दोष दिला. तेल उणे का झाले, हे आपण विचारलेच नव्हते, हे मला फार उशिरा सुचले.

हे पाणी शिरते कोठून? पेटी तापते-निवते तशी आतील हवा बाहेर जाते व बाहेरची आत येते. त्यासाठी पेटीच्या माथ्यावर हवेचे छिद्र असते, ज्यास कारागीर ब्रीदर म्हणतात. जून ते सप्टेंबर आपल्या जिल्ह्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो; त्या दिवसांत आत जाणारी प्रत्येक हवा ओली असते व रात्री आतील लोखंडास तिचा घाम सुटतो. ट्रॅक्टर आंब्याखाली उभा करून वर प्लास्टिकचा कागद गुंडाळला म्हणजे राखण झाली असे समजू नये. कागदाखाली तो अधिकच घामेजतो. दुसरे, खाडीकडच्या खाचरांत चिखलणीस ट्रॅक्टर घातला की आसाची सीले पाण्याखाली जातात. आणि तिसरे, जे आपण आपल्या हातांनी करतो : फवारणी आटोपली की त्याच पंपाच्या बंदुकीने जोराचा झोत मारून ट्रॅक्टर धुतो. तो झोत ब्रीदर, लिव्हरांच्या रबरी टोप्या व तेल मोजण्याची पट्टी यांच्या कडेने आत घुसतो. धुणे अवश्य धुवावे, खाऱ्या हवेत ते हवेच. पण मागील पेटीवर साधे पाणी ओतून कुंच्याने धुवावे.

तेल तपासण्यास यंत्रशाळा लागत नाही. ट्रॅक्टर एक रात्र सपाटीवर उभा ठेवून सकाळी पट्टी काढावी. स्वच्छ मधासारखा रंग उत्तम. दुधाळ असल्यास पाणी. काळपट व जळका वास असल्यास तेल भाजले आहे. वर फेस असल्यास पंपाच्या ओढीत कोठून तरी हवा जाते आहे. शंका आल्यास थोडे तेल काचेच्या बाटलीत भरून रात्रभर ठेवावे. तापल्या तव्यावर एक थेंब टाकला व तो तडतडला तरी पाणी आहे असे समजावे, मात्र डोळे दूर ठेवावेत. उचल जड होणे, बाहू आपोआप खाली उतरणे, पंपाची रडवी शीळ येणे, ही लक्षणे दिसली की आधी तेलाची पातळी व गाळणी पाहावी. पंप बदलण्याचा सल्ला त्यानंतर ऐकावा.

बदलास योग्य काळ माझ्या मते पावसाळा संपल्यानंतरचा. महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होते, पण माझ्या ट्रॅक्टरचे वर्ष मी खंडेनवमीस धरतो. त्या दिवशी अवजारांची पूजा करतोच. आदल्या दिवशी तेल पाहतो. पाऊस गेलेला असतो, पुढे फवारण्यांचा काळ असतो, आणि चार महिन्यांत आत जमलेले पाणी हंगामाआधी बाहेर पडते.

तेल काढण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे ट्रॅक्टर चालवावा, म्हणजे तेल पातळ होऊन गाळासह निघते. मग सपाट जागी चाकांस धोंडे लावून, बाहू पूर्ण खाली उतरवून, इंजिन बंद करून किल्ली खिशात घालावी. उचललेल्या अवजाराखाली हात किंवा डोके कदापि घालू नये. नळीची बारीक गळती बोटाने चाचपू नये, पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावी. तो दाब तेलाची धार कातडीतून आत घालतो, जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट जाण्याची वेळ येते. तसे झाल्यास घरी हळद लावीत न बसता तात्काळ शस्त्रक्रिया होणाऱ्या रुग्णालयात जावे.

निचऱ्याची बुचे एकाहून अधिक असतात; गिअरखाली, आसाखाली, कधी दोन्ही चाकांच्या बाजूसही. एकच काढले तर तिसरा हिस्सा जुने तेल आतच राहते. बुचास लोहचुंबक असल्यास त्यावर करडी बारीक लोणी असणे स्वाभाविक आहे. पत्र्याचे किंवा दाताचे तुकडे दिसले तर पुढे न जाता माहितगारास बोलवावे. जाळीची गाळणी रॉकेल किंवा डिझेलने धुऊन पूर्ण वाळवावी. पुसण्यास सुताचा चोथा घेऊ नये, त्याचा एक धागा झडप अडकवितो. कागदी फिल्टर धुऊन पुन्हा लावणे ही काटकसर नव्हे. नव्याच्या रबरी कड्यास तेलाचे बोट फिरवून तो हातानेच आवळावा. बुचाच्या वॉशरी नव्या घालाव्यात.

तेल दुधाळ निघाले असेल तर एका बदलाने भागत नाही. कोपऱ्यांत पाणी उरते. त्याच प्रतीचे तेल भरून तास-दोन तास हलके काम करावे, ते काढावे व पुन्हा भरावे. खर्च दुप्पट होतो, पण दुसरा उपाय नाही. आत डिझेल ओतून इंजिन फिरविण्याचा जो सल्ला देतात तो ऐकू नये. वंगणाविना दंतचक्रे खरवडतात. नवे तेल स्वच्छ नरसाळ्याने खुणेपर्यंतच भरावे, इंजिन मंद चालवून बाहू दहा-बारा वेळा वर-खाली करावेत, मग बंद करून पुन्हा मापावे; नळ्यांत तेल भरल्याने पातळी थोडी उतरते. डब्याचे सील शाबूत पाहून घ्यावे, पावती जपून ठेवावी, आणि दोन कंपन्यांची तेले एकमेकांत मिसळू नयेत.

जुने तेल कुंपणाच्या खांबांस किंवा वाळवीवर फासण्याची आपल्याकडे चाल आहे. जांभा सच्छिद्र आहे. त्यावर सांडलेले तेल पावसाबरोबर खाली मुरते आणि खालच्या विहिरीचे पाणी आपणच पितो. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांनुसार वापरलेले तेल अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच गेले पाहिजे. मी ते रिकाम्या डब्यात भरून झाकण लावून ठेवतो व अशा ठिकाणी तेल पाठविणाऱ्या गॅरेजात नेऊन देतो. गेल्या खंडेनवमीस काढलेले तेल बरेच स्वच्छ निघाले. गाळणीत मात्र लिव्हरच्या रबरी टोपीचा नखाएवढा तुकडा सापडला. टोपी फाटली होती. नवी बसवून वहीत नोंद केली आहे.