हूल देणे म्हणजे पळ काढणे नव्हे

मुलांच्या कुस्तीत एखादा मागे सरकला, की बघणारे 'पळपुटा' म्हणून त्याची टर उडवतात. पण मागे सरणारा प्रत्येक जण भित्रा नसतो. अंगावर आलेला जोर चुकवणे, हूल देणे ही मेहनतीने शिकावी लागणारी विद्या आहे. ज्यांचे अंग लहान आणि खुराक बेताचा, अशा आपल्या मुलांसाठी तर ती फार मोलाची आहे.

खडाखडीत पैलवान समोरच्याच्या मानेवर हात टाकून खाली ओढतो. समोरचा साहजिकच मान ताठ करून वर उठतो. त्याचा जोर वर गेला, की खाली वाकून पट काढायचा. म्हणजे मानेवरचा हात ही नुसती हूल; खरे लक्ष्य पाय.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव अंगाने लहानखुरे होते. पण चपळाई आणि डावपेचांवर त्यांची हुकमत होती. त्यांचा ढाक प्रसिद्ध होता. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. त्यांनी मेहनत सोडली नाही. १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

आज मुले मोबाईलवर मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या लढती पाहतात. त्यात कुस्ती, बॉक्सिंग, कराटे असे सारेच चालते. त्यामुळे हुलकावणीला वाव जास्त. पट काढण्याची नुसती हूल दिली, तरी समोरच्याचे हात खाली येतात आणि ठोसा चेहऱ्यावर बसतो. ब्राझीलचा लिओटो माचिडा कराटेच्या पवित्र्यात मागे सरे आणि प्रतिस्पर्धी पुढे धावला, की त्याला टिपे. २००९ मध्ये तो यूएफसी या स्पर्धेत लाइट हेवीवेट गटाचा विजेता झाला.

याची दुसरी बाजूही मुलांना सांगितली पाहिजे. ब्राझीलचाच अँडरसन सिल्वा हात खाली सोडून, समोरच्याला खिजवत ठोसे चुकवी. ६ जुलै २०१३ रोजी ख्रिस वाइडमनपुढे त्याने तेच केले आणि डाव्या हाताच्या ठोशाने तो कोसळला. २००६ पासून राखलेले विजेतेपद गेले. हूल डाव साधण्यासाठी असते, मिरवण्यासाठी नाही. फ्रीस्टाइल कुस्तीतही जो नुसता टाळत राहतो, त्याला पंच आधी ताकीद देतात. पुढे त्याला तीस सेकंदांची मुदत मिळते. तेवढ्यात कोणाचाच गुण झाला नाही, तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण जातो.

म्हणून पालकांना विनंती आहे, की मोबाईल पाहून गल्लीत असले प्रयोग मुलांना करू देऊ नका. डोक्याला बसलेला मार जन्माचे नुकसान करतो. सोलापूरला तालमींची जुनी परंपरा आहे. मुलाला आवड असेल तर त्याला जाणत्या वस्तादाच्या हाताखाली द्या. मुलींची शिकण्याची सोय कुठे आहे, याचीही आवर्जून चौकशी करा.