मुंगीची जात मापाने ओळखावी कशी?

विचुंब्यातील आंब्यावर पाने शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या, म्हणजे ओंबील, आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. बहुतेकांना त्या चावल्याही असतील. प्रथम गोळा केल्या तेव्हा आम्ही मोठ्या एका बाटलीत व लहान दुसरीत घातल्या, आणि दोन जाती सापडल्या म्हणून खूष झालो. मोठी 8 ते 10 मिलिमीटरांची, लहान तिच्या जवळजवळ निम्मी. पण दोन्ही एकाच घरट्यातल्या, एकाच जातीच्या! मोठ्या भक्ष्य आणतात व राखण करतात, लहान मुख्यतः घरात पिले सांभाळतात. लहान मुंगी हे मोठीचे पोरही नव्हे. कोशातून बाहेर पडलेली मुंगी पुढे वाढत नाही. अळी असताना मिळालेल्या अन्नावर तिचा आकार पुष्कळसा ठरतो. कामाची वाटणी आमच्या ओळखीची, पण अंगाच्या मापाची अशी वाटणी आम्हांला नवी होती.

चार्ल्स बिंगहॅम यांच्या 1903 सालच्या ग्रंथात हिंदुस्थानातील मुंग्यांच्या वर्णनासोबत सबंध शरीराची लांबी दिलेली आहे. तेवढ्यावर विसंबता येत नाही. खाल्ले की मुंगीचे पोट फुगते, वाळले की आकसते. म्हणून कठीण भाग मोजतात : डोक्याची लांबी व रुंदी, मिशीचा बुंध्याकडचा लांब सांधा, आणि धड. फिटरचे व्हर्निअर येथे चालत नाही. सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रभिंगात कोरलेली पट्टी लागते. तथापि फिटरची शिस्त मात्र तीच. वस्तू तिरपी धरली की माप खोटे. डोके किंचित पुढे झुकले तरी लांबी कमी भरते.

मग प्रमाण काढायचे. समजा, एका मुंगीचे डोके 1 मिलिमीटर लांब व 0.9 रुंद आहे, दुसरीचे 1.5 लांब व 1.35 रुंद. दोघींचे प्रमाण शेकडा 90. आकार निराळा, घडण एक. तिसरीचे 110 आले तर? लगेच नवी जात म्हणू नये. पुष्कळ जातींत अंग वाढते त्याहून डोके अधिक वेगाने वाढते, त्यामुळे मोठ्या मुंगीचे प्रमाणच बदलते. यासाठी एकेका वारुळातून दहावीस मुंग्या, लहानमोठ्या सर्व, मोजून आलेखावर ठिपके मांडतात. एका जातीचे ठिपके बहुधा एका ओळीत पडतात. दुसऱ्या जातीची ओळ वेगळी जाते. ओंबिलीत मात्र मधल्या मापाच्या फारशा मिळत नाहीत, दोन पुंजके दिसतात. तेथे घरटे पाहिल्यावाचून नुसते आकडे फसवतात.

माणसांच्या बाबतीत अशीच घाई झाली होती. 1901 च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या रुंदी-लांबीच्या प्रमाणावरून जातींची उतरंड वंशाशी जोडली. डॉ. आंबेडकरांनी 1948 साली अस्पृश्यतेवरील आपल्या ग्रंथात नाकाच्याच मापांचे, घुर्ये यांनी तपासलेले, आकडे पुढे ठेवले आणि ब्राह्मण व अस्पृश्य यांचा वंश वेगळा ठरत नाही, असा निष्कर्ष काढला. सभेत हा भाग सांगताना आमचा आवाज चढतो, तो श्रोत्यांनी चालवून घ्यावा.

हल्ली मुंगीची आनुवंशिक द्रव्येही तपासतात. पण शंभर वर्षांपूर्वी टाचणीला लावलेली मुंगी न मोडता तपासायची, तर माप घेणेच सोयीचे. ज्याला घरी प्रयोग करावयाचा असेल त्याने ओंबिलीपासून आरंभ करू नये; ती फार चावते. अंगणातले काळे डोंगळे घ्यावेत. त्यांच्या एकाच वारुळात लहानापासून मोठ्यापर्यंत सर्व मापे मिळतात.