ओटीपी टाकल्यावर पडद्यामागे

मोबाइलवर ओटीपी येतो, आपण तो टाकतो आणि काम पुढे सरकतं. मधल्या वेळात ते सहा आकडे असतात कुठे, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. मला पडावाच लागतो. पुण्यात बाणेरच्या एका कंपनीत मी बॅकएंडचा, म्हणजे ॲपच्या पडद्यामागचा कोड लिहिते.

ओटीपी जपून ठेवायचा नसतो. पाच मिनिटांत त्याचं काम संपतं. त्याच्यासाठी तक्ते आणि रकाने असलेला मोठा डेटाबेस राबवण्यात अर्थ नाही. इथे लागतो की-व्हॅल्यू डेटाबेस. त्याचा कारभार सुटसुटीत: की सांगा, व्हॅल्यू घ्या. ‘साताऱ्यातले सगळे ग्राहक दाखव’ असलं काही त्याला विचारायला जाऊ नये. आमची की साधारण अशी असते: ‘ओटीपी:लॉगिन:ग्राहक४७१२’. तिची व्हॅल्यू ‘८३०२९५’. ठेवतानाच बजावायचं, ३०० सेकंदांनी पुसून टाक. कीवर थोडं गणित करून तिची जागा थेट काढली जाते, शोधाशोध नाहीच. त्यामुळे नोंदी हजार असोत की कोटी, उत्तराला लागणारा वेळ जवळपास तेवढाच.

यातला सगळ्यात नावाजलेला डेटाबेस रेडिस. सिसिलीचे साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी तो २००९ साली आणला. वेबसाइटवर कोण येतंय-जातंय हे त्याच क्षणी दाखवणारी एक सेवा ते चालवत होते. नेहमीच्या डेटाबेसला तो वेग झेपेना, म्हणून त्यांनी डेटा मेमरीतच ठेवायचं ठरवलं. त्याच वर्षी रायन डाल यांनी जावास्क्रिप्ट भाषेतला कोड सर्व्हरवर चालवणारं नोड.जेएस लोकांपुढे मांडलं. आणि १ ऑगस्ट २००९ पासून आपल्या रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन कार्डव्यवहारांना आणखी एक पडताळणी सक्तीची केली. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. आज मात्र माझ्या रोजच्या कामात तिन्ही एकत्र नांदतात.

डाल यांची तक्रार अशी होती, की प्रोग्रॅम डेटाबेसला काही विचारतो आणि उत्तर येईपर्यंत हातावर हात ठेवून बसतो. एकाच डेटा सेंटरमधल्या रेडिसकडून उत्तर यायला साधारण एक मिलिसेकंद किंवा त्याहून कमी वेळ लागतो. आपल्याला तो जाणवतही नाही. पण तीन गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरचे तेवढ्यात ३० लाख ठोके पडतात. ते सगळे फुकट घालवायचे? आपण गिरणीत डबा ठेवतो, नाव सांगतो आणि दळण होईस्तोवर भाजी आणायला जातो. असिंक्रोनस कोडही तसंच करतो: ग्राहक४७१२ची मागणी रेडिसकडे धाडली, की उत्तर येईपर्यंत पुढच्या ग्राहकांकडे वळतो.

कोडमध्ये ही एवढीशी ओळ असते: ‘जमा = अवेट रेडिस.गेट(की)’. ‘अवेट’ म्हणजे या ग्राहकाचं काम इथे थांबव, उत्तर आलं की इथूनच पुढे चालू कर. तोवर बाकीच्यांचं चालू दे. जावास्क्रिप्टच्या प्रमाणात ही सोय २०१७ मध्ये आली.

नव्या मुलामुलींचा कोड तपासताना माझी नजर आधी या शब्दावर जाते. तो राहिला तर ‘जमा’मध्ये ८३०२९५ येत नाही, येतो ‘प्रॉमिस’ नावाचा ऑब्जेक्ट: उत्तर येणार आहे, अजून आलेलं नाही. टाकलेल्या ओटीपीशी तो कधीच जुळत नाही, खरा ओटीपीही नाकारला जातो आणि चूक लगेच सापडते. खरी भीती दुसरीकडे आहे. ‘या ग्राहकाची पडताळणी झाली आहे का?’ असं रेडिसला विचारताना अवेट राहिला, तर प्रॉमिसलाच उत्तर समजलं जातं. जावास्क्रिप्टच्या लेखी कोणताही ऑब्जेक्ट म्हणजे ‘हो’. मग पडताळणी न झालेलेही बिनदिक्कत आत येतात आणि कुणी तक्रारही करत नाही.

अवेट जागच्या जागी असला तरी निर्धास्त होता येत नाही. समजा, कुणी ‘पैसे भरा’चं बटण घाईघाईत दोनदा दाबलं. पहिली मागणी ओटीपी वाचते. तो जुळवून पुसायच्या आत दुसरीही तोच वाचते. दोन्ही जुळतात आणि पैसे दोनदा कापले जाऊ शकतात. इथे रेडिसची एक सवय उपयोगी पडते: तो हुकूम एकामागून एक पाळतो आणि पुसायला सांगितलं, की किती नोंदी पुसल्या ते कळवतो. पहिलीला उत्तर मिळतं १, दुसरीला ०. ज्या मागणीला १ मिळाला तिलाच पुढे सोडायचं. वाचलेल्या आकड्यावर विसंबायचं नाही, कारण वाचल्यानंतरच्या क्षणात तो जुना झालेला असू शकतो.

आणि उत्तर आलंच नाही तर? अमर्याद वाट बघण्यात अर्थ नसतो, म्हणून आम्ही मुदत घालतो. एव्हाना शक्यता तीन झाल्या: व्हॅल्यू मिळाली, अशी की नाही असं कळलं, म्हणजे बहुधा ३०० सेकंद उलटून गेले, किंवा रेडिसशी बोलणंच झालं नाही. ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तरी आळसाने लिहिलेला कोड दोन्हींना एकच संदेश चिकटवतो: ‘ओटीपी चुकीचा आहे’. नीट लिहिलेला कोड एकदा म्हणतो ‘मुदत संपली, नवा मागवा’ आणि दुसऱ्या वेळी ‘आमच्याकडे अडचण आहे, थोड्या वेळाने प्रयत्न करा’.

तेव्हा बरोबर आकडे टाकूनही ‘चुकीचा’ असं उत्तर आलं, तर दर वेळी स्वतःच्या चष्म्याला दोष देऊ नका.